वंध्यत्व-उपचार आणि विम्याची सक्ती : बंगळुरूच्या संदर्भात

आरोग्यविमा हा केवळ रुग्णालयाचे बिल भरण्याचा मार्ग नाही. कोणता आजार समाजाने वाटून घ्यायचा आणि कोणता ज्याचा त्याने सोसायचा, याचा निर्णयही विम्याच्या करारात दडलेला असतो. हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा विकार, अपघात यांचा खर्च वाटून घ्यावा याविषयी आज फारसे दुमत नाही. मात्र मूल होण्यासाठी लागणाऱ्या उपचारांच्या बाबतीत असे एकमत अजून झालेले नाही. काही देशांनी हा खर्च विम्यात घेणे कायद्याने सक्तीचे केले आहे, तर काहींनी तो सार्वजनिक आरोग्यसेवेचा भाग मानला आहे. भारतात मात्र परिस्थिती संमिश्र आहे. प्रस्तुत लेखात बंगळुरू शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे अर्थशास्त्रीय, घटनात्मक आणि सामाजिक पैलू तपासले आहेत.

समस्येचे स्वरूप

नियमित व गर्भनिरोधकाविना संबंध असूनही बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ गर्भधारणा न होणे, अशी वंध्यत्वाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना करते. हा प्रजननसंस्थेचा विकार असून तो स्त्री किंवा पुरुष कोणामध्येही असू शकतो. संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणतः सहापैकी एकाला, आयुष्यात केव्हा तरी हा अनुभव येतो. श्रीमंत व गरीब देशांतील प्रमाणात फारसा फरक नाही, हा या अहवालाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. फरक आहे तो उपचार परवडण्यात.

या विकाराची कारणे अनेक आहेत. बीजांड तयार होण्याच्या प्रक्रियेतील बिघाड, गर्भनलिका बंद होणे, शुक्राणूंची अल्प संख्या वा मंद गती ही त्यांपैकी प्रमुख होत. भारतात जननमार्गाचा क्षयरोग आणि उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग यांमुळे गर्भनलिकांना इजा झाल्याची उदाहरणे लक्षणीय आहेत. म्हणजेच काही वंध्यत्व वेळीच टाळता येण्याजोगे असते. तरीही दोष शोधण्याआधीच तो स्त्रीच्या माथी मारला जातो. पुरुषाची साधी वीर्यतपासणी होण्यापूर्वी पत्नीच्या अनेक तपासण्या झालेल्या असतात. अपत्यहीन स्त्रीच्या वाट्याला येणारी अवहेलना, दुसऱ्या विवाहाची धास्ती आणि उपचारासाठी काढलेले कर्ज या गोष्टी विम्याच्या कोष्टकात दिसत नाहीत. परंतु त्या या आजाराच्या खऱ्या किमतीचाच भाग आहेत.

उपचारांच्या साधारणपणे तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर तपासणी, सल्ला आणि जंतुसंसर्ग वा संप्रेरकांच्या बिघाडावरील औषधे येतात. दुसऱ्या पायरीवर बीजांडनिर्मितीस चालना देणारी औषधे, गर्भाशयात शुक्राणू सोडण्याची पद्धत आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. शरीराबाहेर बीजांड फलित करून गर्भ गर्भाशयात सोडणे, म्हणजे आयव्हीएफ, ही तिसरी व सर्वांत खर्चिक पायरी होय. खासगी केंद्रात तिच्या एका चक्राचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि एका चक्रात यश मिळेलच याची खात्री नसते. स्त्रीचे वय वाढते तशी यशाची शक्यता घटत जाते. सबब, पैसे साठवून नंतर उपचार घेऊ असे म्हणणाऱ्या जोडप्याच्या हातून नेमका वेळच निसटतो. खर्च व वेळ यांची ही कात्री या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

जन्मनियंत्रणाकडून वंध्यत्वाकडे

या विषयाला कर्नाटकात एक ऐतिहासिक संदर्भ आहे. तत्कालीन म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी संततिनियमन केंद्रे सुरू केली. शासनाने चालविलेली ही जगातील पहिली अशी केंद्रे मानली जातात. त्याआधी १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, परंतु त्यांना शासनाचा आधार नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. प्रजननविषयक सार्वजनिक खर्चाचा ओघ त्यामुळे साहजिकच जन्म रोखण्याकडे राहिला.

१९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने हा दृष्टिकोन बदलला. प्रजनन आरोग्याच्या सेवांमध्ये वंध्यत्वाचा प्रतिबंध व योग्य उपचार यांचाही समावेश असावा, असे तेथील कृतिकार्यक्रमात नमूद करण्यात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) कर्नाटकाचा एकूण जननदर १.७ आहे, तर देशाचा २.०. लोकसंख्यावाढीची जुनी धास्ती ओसरली असली तरी खर्चाची जुनी घडी मात्र बदललेली नाही. कामगार राज्य विमा योजनेचे उदाहरण घेता येईल. नसबंदीसाठी या योजनेत पूर्ण वेतनाइतका वाढीव आजारपण लाभ दिला जातो. पुरुषास ७ दिवस आणि स्त्रीस १४ दिवस. अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या कामगार स्त्रीकरिता असा वेगळा लाभ योजनेने आखलेला नाही.

आयव्हीएफ तंत्राची भारतातील सुरुवात मात्र सार्वजनिक क्षेत्रातच झाली. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले; त्या कार्याला मान्यता मिळण्यास दीर्घ काळ जावा लागला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने शास्त्रीय नोंदींसह असा जन्म घडवून आणला. पुढील काळात या तंत्राचा विस्तार प्रामुख्याने खासगी केंद्रांतून झाला. बंगळुरू हे अशा केंद्रांचे देशातील एक महत्त्वाचे शहर होय.

सक्ती कशासाठी ?

विमा कंपन्या हा खर्च आपणहून का उचलत नाहीत, हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू. दहा हजार जोडप्यांचा एक गट आहे. वर्षभरात त्यांपैकी ६० जोडप्यांना प्रत्येकी दीड लाख रुपयांचा उपचार लागतो. एकूण खर्च ९० लाख रुपये होईल. तो सर्वांत वाटला तर प्रत्येक जोडप्याला वर्षाला ९०० रुपये पडतील.

आता हे संरक्षण ऐच्छिक केले असे समजू. ज्यांना उपचाराची गरज भासणार याची जाणीव आहे, तीच जोडपी ते प्रामुख्याने घेतील. समजा ३०० जोडप्यांनी घेतले आणि त्यांपैकी ५० जणांना उपचार लागला. ७५ लाखांचा खर्च ३०० जणांत वाटल्यास हप्ता २५,००० रुपये होतो. एवढा हप्ता पाहून उरलेली निरोगी जोडपीही बाहेर पडतात आणि हप्ता आणखी चढतो. अर्थशास्त्रात या प्रक्रियेला प्रतिकूल निवड म्हणतात. अखेरीस कंपनी हे संरक्षण देणेच बंद करते. गरज आहे, मोबदला देण्याची तयारीही आहे, तरी बाजार उभा राहत नाही. म्हणून येथे सक्तीचा विचार पुढे येतो. सक्तीमुळे सर्वजण एकाच गटात राहतात आणि जोखीम पसरते.

दुसरे कारण बाह्य परिणामांचे आहे. स्वतःच्या खिशातून खर्च करणारे जोडपे एकाच चक्रात यश मिळावे म्हणून एकाहून अधिक गर्भ सोडण्याचा आग्रह धरते. त्यातून जुळी-तिळी, अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची बालके जन्मण्याचा धोका वाढतो. त्यांच्या अतिदक्षता उपचारांचा बोजा पुन्हा कुटुंबावर, रुग्णालयांवर व विम्यावरच पडतो. अमेरिकेतील राज्यांच्या तुलनेवर आधारित २००२ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात, सक्तीचे संरक्षण असलेल्या राज्यांत उपचारांचा वापर अधिक, परंतु प्रत्येक चक्रात सोडलेल्या गर्भांची संख्या कमी आढळली. बेल्जियमने २००३ मध्ये हेच सूत्र धोरणात उतरविले. सहा चक्रांपर्यंतचा प्रयोगशाळेचा खर्च शासन देईल, मात्र तरुण स्त्रियांच्या पहिल्या चक्रात एकच गर्भ सोडावा, अशी अट घालण्यात आली. त्यानंतर तेथे जुळ्यांचे प्रमाण लक्षणीय घटले.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेत विम्याचे नियमन मुख्यत्वे राज्यांकडे आहे. मेरीलँडने १९८५ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १९८७ मध्ये या उपचारांना विम्यात स्थान देणारे कायदे केले. या कायद्यांत एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. काही राज्यांत हे संरक्षण पॉलिसीत समाविष्ट करणे बंधनकारक असते. टेक्सासारख्या राज्यात ते ग्राहकापुढे ठेवणे एवढेच बंधन आहे. शिवाय जे मोठे उद्योग आपल्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यखर्च स्वतःच्या निधीतून भागवितात, त्यांच्या योजना १९७४ च्या संघीय कायद्यामुळे राज्यांच्या सक्तीबाहेर राहतात. कायदा आहे, पण तो सर्वांपर्यंत पोहोचत नाही, असे तेथील चित्र आहे.

जर्मनीने २००४ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले. सार्वजनिक विम्यातून मिळणारी भरपाई तीन चक्रांपुरती व निम्म्या खर्चापुरती मर्यादित केली गेली. परिणामी उपचारांची संख्या एकाच वर्षात झपाट्याने खाली आली. किमतीचा अडसर मागणीवर किती परिणाम करतो, याचे हे बोलके उदाहरण होय. घटत्या जन्मदराने चिंतित झालेल्या जपानने एप्रिल २०२२ पासून आयव्हीएफला सार्वजनिक विम्यात घेतले. तेथे उपचार सुरू करताना स्त्रीचे वय ४३ पेक्षा कमी असावे लागते आणि खर्चाचा ३० टक्के वाटा रुग्णाने उचलावा लागतो. कोणत्याही देशाने हे दार सताड उघडलेले नाही. वय, चक्रांची संख्या आणि रुग्णाचा वाटा या तीन अटींनी प्रत्येकाने खर्चाला बांध घातला आहे.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार विमा हा संघसूचीतील विषय आहे (नोंद ४७). सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने राज्यसूचीत येतात (नोंद ६), तर सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा समवर्ती सूचीत (नोंद २३). यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मेरीलँडप्रमाणे कर्नाटक विधिमंडळ खासगी विमा कंपन्यांना अशी सक्ती करू शकत नाही. तो अधिकार संसदेचा आणि तिने स्थापन केलेल्या भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा आहे. राज्याच्या हाती दोन साधने उरतात : स्वतःची रुग्णालये आणि स्वतःच्या निधीतून चालविलेल्या आरोग्य योजना.

विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. त्या यादीतील सतरावा अपवाद वंध्यत्वाचा आहे. गर्भनिरोध, नसबंदी, आयव्हीएफसह साहाय्यक प्रजननाच्या सर्व पद्धती, सरोगसी आणि नसबंदी उलटविण्याची शस्त्रक्रिया या सर्व गोष्टी त्यात एकत्र बांधल्या आहेत. कंपनीला हे संरक्षण देण्यास मनाई नाही. ते देण्याचे बंधन नाही, एवढेच. त्यामुळे काही पॉलिसींत मर्यादित रकमेचे संरक्षण मिळते, बहुतेकांत मिळत नाही.

२०२१ मध्ये संसदेने साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा आणि सरोगसी (नियमन) कायदा संमत केला. दोन्ही जानेवारी २०२२ पासून अमलात आले. या कायद्यांत विम्याची सक्ती आहे, परंतु ती कोणासाठी आहे हे पाहणे उद्बोधक ठरते. बीजांड देणाऱ्या स्त्रीसाठी बारा महिन्यांचा आणि सरोगेट मातेसाठी, प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतींसह, छत्तीस महिन्यांचा विमा काढणे बंधनकारक आहे. दुसऱ्यासाठी आपले शरीर जोखमीत घालणाऱ्या स्त्रीला हे संरक्षण मिळालेच पाहिजे. मात्र त्याचा हप्ता उपचार घेणाऱ्या जोडप्याने भरावयाचा असतो आणि त्या जोडप्याच्या स्वतःच्या उपचारखर्चाविषयी कायदा मौन बाळगतो.

धोरणातील विसंगती येथेच संपत नाही. २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनुसार, आयव्हीएफसारखे उपचार आरोग्यसेवेच्या व्याख्येत येतात व म्हणून करमुक्त आहेत, असे स्पष्ट करण्यात आले. केंद्र शासनाने २०११ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी व निवृत्तिवेतनधारकांसाठी आयव्हीएफच्या भरपाईचा आदेश काढला. स्त्रीचे वय २१ ते ३९ वर्षे, जास्तीत जास्त तीन चक्रे, प्रत्येक चक्रास ६५,००० रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च यांपैकी कमी असेल ती रक्कम आणि नेहमीचे उपचार अयशस्वी ठरल्याचा पुरावा, अशा अटी त्यात होत्या. याउलट २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण असले, तरी वंध्यत्वविषयक उपचार त्यातून वगळलेले आहेत. कर-आकारणीत हा उपचार आरोग्यसेवा ठरतो, शासकीय कर्मचाऱ्यासाठी भरपाईस पात्र ठरतो. गरीब कुटुंबासाठी मात्र तो अपवाद ठरतो.

बंगळुरूतील तीन स्तर

या चौकटीचा प्रत्यक्ष परिणाम बंगळुरूत स्पष्ट दिसतो. शहरातील पहिला स्तर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा. केंद्र सरकार आरोग्य योजनेच्या लाभार्थींना भरपाईची, मर्यादित का होईना, हमी आहे. दुसरा स्तर इलेक्ट्रॉनिक सिटी व व्हाइटफील्ड परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील नोकरदारांचा. त्यांच्या सामूहिक विम्यात हा उपचार असणे मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. कुशल मनुष्यबळ टिकविण्यासाठी काही मालक तो समाविष्ट करतात. सामूहिक विम्यात सर्व कर्मचारी आपोआप गटात येत असल्यामुळे प्रतिकूल निवडीचा धोका राहत नाही, हे याचे अर्थशास्त्रीय कारण होय. परंतु नोकरी सुटली की संरक्षणही सुटते आणि दोन-तीन वर्षे चालणारा उपचार अर्ध्यावर अडकतो.

तिसरा स्तर पीण्या, बोम्मनहळ्ळी व म्हैसूर रोड भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांचा. तेथील कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी मुख्य आधार कामगार राज्य विमा योजनेचा. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या कक्षेत आली आहे. तिची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये करण्यात आली आणि २०१९ मध्ये वर्गणीचे दर कामगारासाठी ०.७५ टक्के व मालकासाठी ३.२५ टक्के असे ठरले. आयव्हीएफच्या एका चक्राचा खासगी खर्च या कामगार स्त्रीच्या अनेक महिन्यांच्या वेतनाइतका होतो. त्याशिवाय तपासण्यांसाठी पडणारे खाडे वेगळेच. घरकाम करणाऱ्या व बांधकामावरील बहुतांश स्त्रिया तर प्रत्यक्षात या योजनेच्याही बाहेर राहतात.

खासगी विम्यावर उद्या सक्ती आली, तर तिचा लाभ प्रामुख्याने दुसऱ्या स्तराला मिळेल. ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांना पॉलिसीतील सक्तीचा उपयोग नाही. सक्तीचा खर्च हप्त्यात मिसळतो, हेही विसरता कामा नये. हप्ता वाढला तर काठावरची कुटुंबे विम्याबाहेर फेकली जाण्याचा धोका असतो.

पुढील दिशा

कर्नाटकाला सामुदायिक विम्याचा अनुभव नवा नाही. डॉ. देवी शेट्टी यांच्या संकल्पनेतून सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी आखलेली यशस्विनी योजना २००३ मध्ये कार्यान्वित झाली. सुरुवातीला माणशी महिना पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ रुपये, एवढ्या वर्गणीत सोळाशेहून अधिक शस्त्रक्रियांचे संरक्षण दिले जात होते आणि पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख सभासद झाले. २०१८ मध्ये ती आरोग्य कर्नाटक योजनेत विलीन झाली व पुढे पुन्हा स्वतंत्रपणे सुरू करण्यात आली. गट मोठा असेल तर हप्ता किती लहान राहू शकतो, हे या योजनेने दाखविले. मात्र तिची रचना शस्त्रक्रियांभोवती होती. वंध्यत्वाच्या पहिल्या दोन पायऱ्या बहुतांशी बाह्यरुग्ण विभागातच पार पडतात, त्यामुळे केवळ रुग्णालयवासावर आधारलेला विमा त्यांना पुरेसा ठरत नाही.

गोवा शासनाने दुसरा मार्ग निवडला. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये आयव्हीएफसह वंध्यत्वावरील उपचार मोफत देण्यास सुरुवात झाली. राज्यसूचीतील अधिकार वापरून, विमा कायद्याला हात न लावता, राज्य काय करू शकते याचा हा नमुना आहे. लहान राज्याला जे साधले ते मोठ्या राज्यात एका केंद्रातून साधणार नाही; तरी दिशा म्हणून त्याचे महत्त्व आहे.

या सर्व विवेचनावरून धोरणाचा क्रम सुचविता येतो. पहिल्या पायरीच्या तपासण्या प्राथमिक व तालुका स्तरावर, पती-पत्नी दोघांच्या एकत्र, मोफत व्हाव्यात. दुसऱ्या पायरीचे उपचार जिल्हा रुग्णालयांत व कामगार विमा रुग्णालयांत निश्चितपणे उपलब्ध असावेत. तिसऱ्या पायरीसाठी वैद्यकीय महाविद्यालयांत सुविधा उभारून, वय व चक्रांच्या स्पष्ट मर्यादांसह, ती शासकीय आरोग्य योजनांच्या संरक्षणाखाली आणावी. संघ शासनाच्या स्तरावर, नियामकाच्या सतराव्या अपवादातील तपासणी व प्राथमिक उपचार हा भाग आयव्हीएफपासून वेगळा काढण्याचा विचार व्हावा. विमा केवळ आयव्हीएफलाच पैसे देऊ लागला, तर स्वस्त उपचार डावलून महागड्या उपचाराकडे वळविण्याची प्रवृत्ती वाढेल. नैतिक जोखमीचा हा धोका टाळण्यासाठी पायऱ्यांचा क्रम अत्यावश्यक आहे.

विम्याची सक्ती हे साधन आहे. साध्य आहे ते प्रजनन आरोग्याची समान संधी. एकाच शहरात, एकाच आजारासाठी, एका स्त्रीला भरपाई मिळते, दुसरीला मालकाच्या मर्जीवर विसंबावे लागते आणि तिसरीला दागिने गहाण ठेवावे लागतात. सक्ती कोणावर, लाभ कोणाला आणि गटाबाहेर कोण, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही सक्तीच्या कायद्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रतिकूल निवड म्हणजे काय? सामूहिक विम्यात तिचा प्रभाव कमी का होतो, हे उदाहरणासह स्पष्ट करा.

२. विमा व सार्वजनिक आरोग्य यांच्या घटनात्मक अधिकारविभागणीचा वंध्यत्व-उपचारांच्या धोरणावर कोणता परिणाम होतो?

३. २०२१ च्या दोन कायद्यांनी विम्याची सक्ती कोणासाठी केली आहे? तिच्या मर्यादांची चर्चा करा.

४. खासगी विम्यावरील सक्ती आणि शासकीय रुग्णालयांतील मोफत सेवा या दोन पर्यायांची समता व कार्यक्षमता या निकषांवर तुलना करा.